बर्फाची पारख

बर्फ मी तीस वर्षं ओळखतो:
लादी, आकडा, गोणपाट, भुसा,
चोर्ल्याच्या घाटानं आलेल्या बांगड्यांच्या पेट्या.
त्यावर उभंही राहतात,
हे मला पोरीनं सांगितलं.

समिधा शिकली टिळकवाडीच्या काँक्रीटवर.
चाकांचे बूट. बेअरिंग मी धुवायचो
रॉकेलात, रविवारी.
पडली की पट्टणशेट्टी सर ओरडायचे, एद्देळु!
कठड्याबाहेरून मी, ऊठ!
ती कुणाचं ऐकून उठायची
विचारलं नाही कधी.

मग चाकं गेली, पाती आली.
परगावच्या रिंकवरून पहिला फोन:
"बाबा, इथं तुमच्या सदऱ्याचा वास येतोय."
अमोनियाचा. दुसरा कसला असणार.
मी उगाच नाक पुसलं.

काल रात्री अडीचला
कॉम्प्रेसरच्या धडधडीत
मिठाच्या पोत्याला फोन टेकवून आम्ही पाचजण.
ज्या गावाचं नाव आदमलाही वाचता येईना
तिथं निळ्या झग्यात ती निघाली.
एक गिरकी, दुसरी,
तिसऱ्या उडीला हात टेकला.
"गेलं," आदम म्हणाला.
मी ओठ न हलवता
दोन्ही भाषांत म्हणालो.
तोवर ती उठून पुढे गेली होती.

तिसरी आली.
फळ्यावर नाव, देश, आकडे.
गाव नव्हतंच,
म्हणजे ते कसं लिहायचं
यावरून भांडण नाही.

पहाटे मासळीची गाडी लागली.
लादी ओढली तर तिच्या पाठीवर
एक वळणदार बारीक रेघ.
आकडा हातातच राहिला.

"मामा, बघताय काय," ड्रायव्हर म्हणाला,
"वितळायलंय."