तक्ता चौदा

वाऱ्यामुळे लाँच दुपारीच बंद झाली होती.
मी आदल्या दिवशी येऊन राहिले, म्हणून सभा झाली.
हाव्नादालचे नऊ जण, एक कुत्रं,
रुबार्बचा केक, आणि भिंतीवर माझा प्रोजेक्टर:
वाहतूक आराखडा, पुढली पन्नास वर्षं.

बोगद्याचं सांगितलं. साडेतीन किलोमीटर काळा कातळ,
खर्च इतका, फायदा इतका,
वटावाचा दर चार टक्के.
म्हणजे काय, मार्युनने विचारलं.
म्हटलं, शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या मुलीच्या हातातला एक क्रोन
आज धरायचा दोन ओर.
"स्वस्तात पडली पोरगी," ती म्हणाली
आणि कॉफी ओतत राहिली.

मग चष्मा लावून भिंतीपाशी गेली.
तक्ता चौदा, शेवटचा रकाना.
हाव्नादाल, लोकसंख्या, २०७०: शून्य.
उजेड तिच्या स्वेटरवर, शून्य तिच्या मनगटावर.
"आम्ही नसणार म्हणून बोगदा नाही,
की बोगदा नाही म्हणून आम्ही नसणार?"
कोणी हसलं नाही. कुत्रं उठून दाराशी गेलं.
मी म्हटलं, नोंद घेते.
अंगावर आलं की सरकारी माणूस हेच म्हणतो.

सकाळीही लाँच नाही.
स्यूरुर म्हणाला, चल, खिंडीतून पलीकडे सोडतो.
एकतीस वर्षं त्याने या वाटेने टपाल नेलं,
आठवड्यातून तीनदा. गुडघे आता कुरकुरतात.
अर्ध्यावर धुकं उतरलं,
माझा पुढचा पाय मलाच दिसेना.
"थांब. दगड बघ."
दगडांची उतरंड, कमरेएवढी.
तिथवर गेलं की पुढची दिसते,
गेल्याशिवाय नाही.
कोणी रचल्या? त्याला ठाऊक नाही,
त्याच्या आज्यालाही नव्हतं.
दर हिवाळ्यात दोन-चार ढासळतात,
जो जातो तो एक दगड ठेवतो.
खर्च कुठल्या खात्यात, मी विचारलं, सवयीने.
"वाकावं लागतं," तो म्हणाला.

मीही ठेवला. घसरला.
परत ठेवला.

तोर्सहावनला बोगदा तिसऱ्या यादीत गेला:
२०५० नंतर पाहू.
शून्य मी बदललं नाही, आकडे माझ्या एकटीचे नाहीत.
फक्त खाली तळटीप घातली, बारीक टायपात:
हा आकडा आपण ठरवला आहे.

समितीचा शेरा आला, लाल शाईत, एकच शब्द:
स्रोत?

माझे बूट अजून वाळले नव्हते.