पिवळी, धक्का क्रमांक चौदा

माझ्या भावाची होडी अडकली आहे
एका बेटाच्या मरीनात. आज अकरावा दिवस.
होडीचं नाव पिवळी.
आमच्या घरामागून वाहायची ती,
आम्ही तिला नाला म्हणायचो, आई शेवटपर्यंत नदी म्हणाली.

फोनवर उदयन म्हणतो, इथे सगळं छान आहे गं.
नारळ आहेत, बादलीमागे पैसे देऊन गोडं पाणी आहे,
धुणं वाळत घालायला दोर हवे तेवढे.
सोहम शेजारच्या होडीतल्या म्हाताऱ्याकडून गाठी शिकतोय,
मैना गणितं चुकवतेय,
वृंदाच्या कणकेत न घालताच मीठ पडतं.
फक्त इंजिन तापतं.
समुद्राचं पाणी आत ओढते ना, ती रबरी चक्री,
सहा पात्यांची. दोन तुटली.
बेटावर तसली मिळत नाही.

इथे खिडकीबाहेर सेहेचाळीस.
सिमेंटच्या रस्त्यावर कुत्रंही नाही.
कूलर घरघरतो, वाळ्याची एक ताटी अर्धी कोरडी.
मी म्हटलं, फोटो पाठव. मापासकट.

गोळीबार चौकामागे पराते बसतात,
उन्हाळाभर जेवायला उसंत नसलेला माणूस.
मोबाइल लांब धरून म्हणाले,
"हे कोणत्या कूलरचं हाय, बाई?"
होडीचं, म्हटलं. समुद्रातल्या.
हसले नाहीत.
"म्हंजे इंजिनाले कूलर लावला हाय. पाणी ओढते, फिरवते, फेकते.
काम तं तेच. पाणी खारट, एवढंच."
मग जरा थांबून,
"मिठानं रबर कडक होत असन नं?"

मला माहीत नव्हतं.
तेहतीस वर्षं भूगोल शिकवला,
भरती-ओहोटीची आकृती फळ्याकडे न बघता काढायचे,
समुद्रात पाय बुडवलेत दोनदा.

पराते कुठल्याशा ट्रकच्या पंपाची चक्री घेऊन बसले.
डबा बाजूला, झाकणावर माशा.
कानशीनं एकेक पातं उतरवत गेले,
मोजायला मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी,
तिच्यावर निळ्या शाईत तिचं नाव, तुकडी ब.
संध्याकाळी दोन चक्र्या हातात दिल्या.
"एक जास्तीची राहू द्या. समुद्र हाय."
पैसे?
"पोचल्यावर सांगजा."

पार्सलवर पत्ता लिहिताना माझं मलाच हसू आलं.
पिवळी, धक्का क्रमांक चौदा,
मग बेट, मग देश.
कुरिअरचा पोरगा दोनदा म्हणाला, मॅडम, घर नंबर?

पार्सल वाटेतच होतं, तिकडे वारा फिरला.
कुणीतरी जाता जाता आपली जुनी चक्री दिली,
उदयननं दोर सोडले.
"निघालो. तुझं आलं नाही अजून.
परातेंना सांगू नकोस."

मी सांगितलं.
ते मोटारीला ग्रीस लावत होते, मान वर केली नाही.
"पोचन," म्हणाले. "कोणाले तरी लागनच."

कूलर पुसून, प्लास्टिक गुंडाळून ठेवायच्या आठवड्यात
अनोळखी नंबरावरून एक फोटो आला.
ओल्या तळहातावर काळी चक्री,
मागे रंग उडालेला चौदा,
खाली मला न येणाऱ्या लिपीत तीन ओळी.
फोननं जमेल तसं मराठी केलं:
यंत्र आता थंड आहे.
दुसरी कार्यालयात ठेवली, पुढच्या होडीसाठी.
आभार, पिवळी.

परातेंनी फोटो मोठा केला, पाती मोजली.
सहा.
पुन्हा मोजली.
"पिवळी म्हंजे ही आपली?
इकडची, मागची?"
हो, म्हटलं.
दुकानाच्या मागच्या दाराकडे बघत राहिले थोडा वेळ,
जिथून तिचा वास येतो.

मग हात पुसून दीडशे रुपये घेतले.
दोन्हीचे.