बाहेर चप्पल नाही

रात्री पावणेनऊला लॅबच्या दारात वाकून
मी चपला मोजतो.
नऊ जोड म्हणजे आत नऊ जण,
कलिन्यात बारा वर्षं माझा हा हिशोब चुकलेला नाही.
यंत्रांना धूळ चालत नाही, म्हणून सगळे अनवाणी.
पाहुणे म्हणतात, वा, देवळासारखं!
मी, घाडीगावकर, परिचर, वर्ग चार,
मान हलवतो आणि मोजे उचलून ठेवतो.

काल मांडणी रिकामी होती.
पंखे बंद केले, एसी बंद केला,
तरी चौतीस नंबरचा पडदा उजळलेलाच.
बाहेर चप्पल नाही, आणि आत माणूस आहे:
वर कोपऱ्यात नाव, तय्यबा मुकादम,
ईमेल सताड उघडा,
अर्ध्यावर सोडलेलं पत्र
आणि त्यात तो बारीक उभा दांडा
लुकलुकत पुढचा शब्द मागतोय.

अब्बा, या महिन्यात पैसे पाठवू नका.
मी परीक्षेला बसलेच नाही, कारण

दोन ओळी डोळ्यांनी वाचल्या.
डोळे काही विचारून वाचत नाहीत.
तिसरी वाचली असती
तर ती मी वाचली असती.

भिंतीवर बावीस नियम आहेत,
मीच कुर्ल्याहून लॅमिनेट करून आणलेले.
पासवर्ड कुणाला सांगू नये.
दुसऱ्याच्या खात्यात शिरू नये.
एकाने पासवर्ड चिठ्ठीवर लिहून
बाराव्या नियमावरच चिकटवला होता, ते सोडा.
पण दार उघडंच दिसलं तर काय करावं,
हे बाविसांत कुठेच नाही.

मार्चमध्ये सात नंबरवरच्या एकाने
एकदम अकरा सिनेमे उतरवायला लावले
आणि गेला चहाला.
खालच्या मजल्याने मोटर लावली की
वरच्या नळातून नुसती हवा येते ना, तसं झालं:
बाकीची यंत्रं गोल गोल फिरत बसली.
सहाला शिष्यवृत्तीचा फॉर्म बंद होणार होता.
एक पोरगी 'पाठवा'वर बोट ठेवून बसलेली,
सहा वाजून दोन मिनिटांनीही बोट तिथेच.
तो परत आला, हातात वडापाव.
वाईट नव्हता हो तो.
त्याला फक्त वाटलं होतं, खोलीत आपण एकटेच आहोत.

मीही कुठला शहाणा.
गेल्या वर्षी ठीक नऊला मेन स्विच पाडला,
नियम क्रमांक एकोणीस,
आणि हेरंबची चाळीस पानं गेली.
तो जिन्यात बसून राहिला.
मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

म्हणून काल हजेरीचं रजिस्टर उघडून
पडद्यावर आडवं धरलं,
नव्या नवरीसमोर अंतरपाट धरतात तसं,
आणि दुसऱ्या हाताने, चाचपडत,
कंट्रोल, मग एस.
रजिस्टर खाली सरकवून
फक्त वरचा कोपरा उघडा ठेवला.
लॉग आउट.
आता ती खरोखर घरी गेली.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चौतीस उघडं होतं. जतन करून बंद केलं.
वाचल्या: दोन ओळी.
खाली सही.

आज सकाळी ती आली, सही करायला वाकली,
आणि वाकलेलीच राहिली.
मी कुलपाची किल्ली शोधत होतो,
जी माझ्या हातातच होती.
काही बोलली नाही.
चौतीसवर जाऊन बसली,
पासवर्ड बदलायला घेतला असावा,
कारण डावं कोपर असं पुढे आलं
जसं शाळेत पाटी झाकताना यायचं.

तेवढ्यात छपरावरून विमान गेलं,
तावदानं थरथरली.
खिडकीबाहेर बघायला
मला ते निमित्त पुरलं.
विमान कधीच उतरलं असेल.
मी बघतच राहिलो,
मागे कळांचा आवाज थांबेपर्यंत.