खर्ज

गुरुवारी लाईट जाते रास्ता पेठेत,
तरी आम्ही जमतोच
कुटिन्होंच्या दुरुस्तीच्या दुकानात:
मी, निनाद घैसास आणि पाच तारांवाला इम्तियाज.

घैसासचा हेका, तारा जुन्याच हव्यात.
अकरा वर्षं बदललेल्या नाहीत त्यानं.
सूर मुरला पाहिजे म्हणतो, लिंबाच्या लोणच्यासारखा.
इम्तियाजला हवं नवंकोरं पोलाद,
अंगठ्यानं थाडथाड.
"पत्रा वाजतोय नुसता!"
"आणि तुझं काय? गादी धोपटतंय कुणीतरी."

मी मध्येच रुस्तुमचं नाव काढलं.
ऑर्केस्ट्रात विंगेला खुर्ची लावून,
लोकांकडे अर्धी पाठ करून वाजवायचा तो.
दोघंही गप्प.
रुस्तुमवर वाद होत नाही.

ॲम्प मुका.
कुटिन्होंनी अंधारातच माझी बेस उचलली,
तिच्या लाकडी शिंगावर हनुवटी टेकवली
आणि सगळ्यात जाड तार छेडली.
आमच्यापर्यंत जेमतेम एक भुणभुण.

त्यांचा डावा कान गेलाय,
उजवा जायच्या वाटेवर.
बराच वेळ ते तसेच, डोळे मिटून,
जबड्यानं ऐकत.

मग म्हणाले,
ब्रिजचा एक स्क्रू ढिला आहे.
साठ रुपये होतील.