पेजेच्या रंगाचं

पालांदूरच्या दवाखान्यात सकाळी नऊला
मुखरूजी गिऱ्हेपुंजे बाही वर करून बसले.
रात्रीपासून उपाशी, चहासुद्धा नाही.
शीर लगेच सापडली,
चाळीस वर्षं घाण्याचा बैल हाकलेला हात.

"तेलाले हात बी नाई लावत जी मी.
वरीस झाला, भाऊ छातीनं गेला तवापासून.
घान्यावर बसतो, पन जिभेवर थेंब नाई."

नळी यंत्रात ठेवली. ते गरगरलं, थांबलं.
रक्त खाली बसलं, काळपट, गप्प.
वर सीरम यायला हवं होतं
ताज्या जवसतेलासारखं, पिवळं, आरपार.
आलं ते पांढुरकं.
मागे बोट धरलं, बोट दिसेना.

हा रंग मी ओळखत होते.
धान रोवून आलेल्या बाया
बांधावर बसून वाटीवाटीनं पितात, तो.
पेजेचा.

ट्रायग्लिसराइड सहाशे चाळीस.
चांगलं कोलेस्टेरॉल एकोणतीस.
मी पुन्हा लावून पाहिलं. तेच.

डॉक्टर शेंद्रे बाईंनी विचारलं, खाता काय?
दारातून पारबताबाईच बोलल्या:
सकाळी शिळा भात, दुपारी भात, राती भात,
चहा सहादा, साखर हातानंच टाकतेत,
मंगळवारी साबुदाना.
"तेल बंद केला तं पोटच नाई भरत यायचा,
म्हनून भात वाढवला."

बाई समजावत राहिल्या,
खर्चून उरलेली साखर, उरलेला पिठूळपणा
यकृत कसं चरबीत बदलतं
आणि ती रक्तात कशी सोडतं.
मुखरूजी जमिनीकडे पाहत होते.
मग म्हणाले,
"म्हंजे माह्या आंगात बी घाना हाय.
मी भात टाकतो, तो तेल काढतो."

बाईंचं पेन थांबलं.

"आन् ढेप? ढेप कोठी जाते जी?"

बाईंनी नुसतं त्यांच्या पोटाकडे पाहिलं.
पारबताबाई पदर तोंडाला लावून
बाहेर जाऊन हसल्या.

तीन महिन्यांनी परत आले.
तीन वेळच्या डोंगराचा दोन वेळची वाटी झाली होती,
जागा लाखोरीच्या वरणानं घेतली, भाजीनं,
मूठभर शेंगदाण्यांनी.
चहा तेवढाच, साखर अर्धी,
त्यावरून घरात रोज भांडण.
दोनशे नव्वद.
"अजून जास्तच आहे," बाई म्हणाल्या, हसल्या नाहीत.
पण नळीमागे माझं बोट दिसलं,
धुक्यातल्या बाभळीसारखं, पण दिसलं.

जाताना त्यांनी टेबलावर कागदाची पुडी ठेवली.
जवसाची चटनी. "एकच चमचा खाजा, मॅडम,
घान्याची हाय मनून जास्त नोका खाऊ."

दुपारी मी डबा उघडला.
गोळाभात, वर कढवलेलं तेल,
पण भात किती! झाकण लागत नव्हतं.
अर्धा बाजूला काढून ठेवला.
नळ्या धुतल्या, नोंदवही भरली.
चारच्या सुमारास, खरं सांगते,
तोही खाल्ला.