दोरा तुटला की थांबणारा माग

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली.
चिंचोक्याएवढा काळा डाग.
मी विचारलं, कुठला दोरा तुटला?
ते म्हणाले, काका, एक दोरा असता तर गाठ मारली असती.
तुटलंय इथं,
पण त्याच्या ताणावर जे उभे होते
ते तिकडचेही सैल पडलेत.

हे मला नवीन नाही.
एकतीस वर्षं जॉबर होतो अक्कलकोट रोडला.
चादरीच्या काठाला मोर वाकडा आला
की नवशिका पोरगा मोराकडंच बघत बसतो.
मी पार मागं जायचो, बीमपाशी,
वाकून कान लावायचो.
खोट दिसते तिथं नसते.

उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवल्याजागी राहतो,
कुणीतरी विसरून गेलेला डबा.

तबस्सुम मॅडम मंगळवारी, शुक्रवारी येतात,
बेचाळीस अंशांत, स्कूटीवरून, तोंडाला स्कार्फ.
"एक... दोन... उचला काका..."
डबा काही हलत नाही.
राजव्वा सुपात विडीची पानं कातरत होती,
मान वर न करता म्हणाली,
तेलुगूत मोजा की.
ओकटी.
रेंडू.
मूडूला कोपर हललं.
मॅडम म्हणाल्या, हा रस्ता जुना दिसतोय,
डांबराच्या आधीचा.
आता त्याही तसंच मोजतात
आणि त्यांच्या 'नालुगू'ला राजव्वाला ठसका लागतो.

(तिच्या हजार विड्या व्हायच्या दिवसाला, आता सहाशे.
बोटं तीच आहेत, म्हणते,
बोटांच्या मागं कुणीतरी दमलंय.)

हाताचं चालेल.
तोंडाचं काय?
जावयाला शिवी दिली मी, भरल्या ताटावर,
शेंगाचटणी जास्त वाढली एवढ्यावरून.
भाजीवालीनं दोडकी तोलली
आणि मला रडू आलं,
दोडक्यांकडं बघून.
आयुष्यभर हळू बोलणारा माणूस मी.
सत्तर मागांच्या खडखडाटात हळू बोलणारा,
म्हणजे लोक माझे ओठ वाचायचे.
आता ओठांच्या आधी आवाज पोचतो.

मागाला एक काटा असतो, बारीक,
प्रत्येक फेऱ्याला दोरा चाचपणारा.
दोरा नसला की त्याला कळतं,
माग जागेवर थांबतो.
काटा बिघडला तरी माग चालतोच,
उलट जोरात चालल्यासारखा वाटतो,
आणि हातभर कापड जाळी होऊन बाहेर येतं.
मालकाला सांगून दमलो होतो मी:
चालवायला वीज लागते, साहेब,
थांबवायला कारागिरी.

परवा दुपारी लाईट गेली.
सगळ्या गल्लीतले माग एका दमात गप्प.
इतकं गप्प की राजव्वाची कात्री ऐकू आली.
तासाभरानं लाईट आली,
माग मात्र आले नाहीत.
ते तसे येतच नाहीत.
कुणीतरी उठून एकेकाचा दांडा ओढावा लागतो.
ऐकत राहिलो:
पहिला बहुतेक कोंडा यांचा,
मग पलीकडचा, मग बराच वेळ काही नाही,
मग मशिदीकडचा एक, जरा लंगडत.

तेवढ्यात वेणूनं चहा सांडला,
सहा वर्षांचं पोर, कप भरून,
माझ्या त्याच मांडीवर, त्याच हातावर.
भाजलं.
हे आधी लक्षात आलं नाही की भाजलं, म्हणजे कळलं.
शिवी निघाली होती,
जिभेवर आली, दातांपर्यंत आली,
मला तिची चव लागली, तंबाखूसारखी.
आणि मधेच कुठं तरी
काटा पडला.

मी म्हणालो, फडकं आण.

राजव्वानं बघितलं नाही.
बघण्यासारखं झालंच काय होतं?
शुक्रवारी मॅडम वहीत लिहितील,
कोपर इतके अंश, मनगट इतके.
जे बोललो नाही त्याचा रकाना नाही त्यांच्याकडं.

वेणू फडकं घेऊन आला, भलतंच,
देव्हाऱ्यातलं.
मी हात पुढं केला.
ओकटी, म्हणालो,
मनात.