तीन वर्षं आणि एक दिवस

इरावतीनं लोकरी मोज्यांत गुंडाळून आणलेल्या
पाच बाटल्या, खोकल्याच्या औषधाएवढ्या,
ओट्यावर ओळीनं.
बाहेर जानेवारीचं धुकं, इतकं दाट
की किल्ला आज ग्वाल्हेरात आहे की नाही
ते फक्त विश्वासावर.

नाना पिंगळे मफलर न सोडताच म्हणाले,
"स्कॉटलंडची नाही? मग हिला व्हिस्की कशाला म्हणायचं?"
आणि सगळ्यांच्या आधी पेला पुढे केला.

मी एकतीस वर्षं आबकारीच्या प्रयोगशाळेत.
माझ्या टेबलावरून जिल्ह्याजिल्ह्याची दारू गेली,
जप्त, लाखबंद, पंचनाम्यासकट.
हायड्रोमीटर सोडायचा, आकडा वाचायचा,
तापमानाची दुरुस्ती, सही.
चव हा रकाना फॉर्मात नव्हताच.
घरी विचारायचे, पदराला वास कसला येतो गं?
मी म्हणायचे, कुठे काय.

पहिली आल्सेसची.
नाकाशी धरली तर नुकत्या भिजवलेल्या कणकेचा वास,
तवा अजून तापायचाय असा,
आणि मागे कुठेतरी कच्ची नासपती.

दुसरी स्वीडनची.
तिकडे कसल्याशा काटेरी झुडपाच्या धुरावर
सातू सुकवतात, इरावती सांगत होती.
मला आठवली आमच्या चौकीदाराची शेकोटी,
जिच्यात त्यानं एका थंडीत
त्र्याऐंशी सालच्या फायली घातल्या.
तोच धूर. थोडी शाई, थोडा डिंक.

"तिकडचा कायदा," इरावती म्हणाली,
"तीन वर्षं पिंपात. एक दिवस कमी
तर नाव मिळत नाही."
तिसरीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं:
तीन वर्षं आणि एक दिवस.

तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर विचारतं ना,
ह्या काकांचे दात कुठे गेले?
तशी ही जिभेवर आली.
नाना गप्प झाले. कवळी सरळ केली.
मग म्हणाले, "आणखी एक घोट."

चौथी कुठली होती कळलं नाही, चिठ्ठी भिजली होती.
मुरैन्याच्या गजकाची कडा करपते
तशी गोड, जरा रागावलेली.

सक्सेनाजी तोवर काही बोलले नव्हते.
डिस्टिलरीच्या गोदामावर जन्म गेला त्यांचा.
मे महिन्यात सत्तेचाळीस, पिंपं उसासायची,
वर्षाअखेर शंभरातली दहा-बारा हवेत.
वहीत त्याचा रकाना होता: छीजन.
आणि वरून दरसाल एक कागद यायचा:
खुलासा करा.
इरावती म्हणाली, तिकडे ह्यालाच
देवदूतांचा वाटा म्हणतात.
सक्सेनाजी चष्मा काढून हसले, कितीतरी वेळ.
"बेटा, हमारे यहाँ होते
तो फ़रिश्तों पर भी जाँच बैठती।"

पाचवीपाशी मला राहवलं नाही.
कपाटातून जुना हायड्रोमीटर काढला, पुसला, सोडला.
बाटली लहान. तो तळाला टेकला
आणि तिरका उभा राहिला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
आकडा नाही.

मग पेल्यात ओतली.
तिघऱ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले.
पाणी आत शिरताना तेलकट वळसे घेतं
हे मी हजार वेळा पाहिलं असेल.
ह्या वेळी डोळे मिटले.

काय लागलं ते नीट सांगता येत नाही.
आधी पोळलं.
मग पावाची कड, संत्र्याची साल,
मग काहीतरी लाकडी, अजून ओलं,
रंधा न मारलेलं.

नाना म्हणाले, "हिला दहा वर्षं ठेवायला हवी होती."
नानांना वैशाखात एकोणऐंशी लागतील.
कोणी काही बोललं नाही.
नानांनीच मग बाटली उलटी करून
शेवटचे थेंब सक्सेनाजींच्या पेल्यात झटकले.

रात्री पदराला वास होता.
विचारणारं कोणी नाही घरात आता.
मीच टोक नाकाशी धरलं:
सातू. थोडा धूर.
आणि स्पिरिट, अर्थात. त्रेचाळीसच्या आसपास.